आई बसली की ढवळी अडायची

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून मी ढवळीखाली, म्हणजे आमच्या जुन्या मोटारीखाली, आडवी होते. जेवायला म्हणून बाहेर आले, तेवढ्यात हे लिहायला घेतलं आहे. हात पुसून झाले तरी कागदाला ऑइलचे डाग पडताहेत, त्याला इलाज नाही. ढवळीचा गिअरचा दांडा खाली मजल्यावर नाही, स्टिअरिंगच्या नळीला आहे, आणि तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत दोन लांब सळया जातात. त्या सळयांच्या टोकांना अंगठीएवढे बुश असतात, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. ते झिजले की दांडा हातात खुळखुळतो आणि दुसरा गिअर शोधताना माणूस भलतीकडेच जाऊन पोचतो. हे बुश आता बाजारात मिळत नाहीत. मी ते जाड रबरी पाइप कापून घरीच करते. राजापेठेत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि त्याच्या मागच्या शेडमध्ये ढवळी उभी असते. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, मॅडम, ही गाडी चालते का? मी म्हणते, चालते, पण आधी खाली वाकून पाहावं लागतं. त्यांना वाटतं मी गंमत करते.

ढवळी आमच्या अकोल्याच्या घरी आली ती एका डॉक्टरसाहेबांकडून. बाबा त्यांच्याकडे कंपाउंडर होते. डॉक्टरसाहेब दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा जाताना गाडीची किल्ली बाबांच्या हातात ठेवून गेले. बाबांनी तोवर सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर ते गाडी शिकले, आणि शिकले तेही भीतभीतच. गाडी दुधासारखी पांढरी म्हणून आईनं तिला माहेरच्या गाईचं नाव दिलं, ढवळी. बाबांच्या तोंडी ती ढवयी. पण बाबांच्या मनात ती शेवटपर्यंत डॉक्टरसाहेबांचीच राहिली. दवाखान्यात कुणीही चपला घालून आत यायचं नाही असा नियम होता, तोच त्यांनी गाडीलाही लावला. आम्ही सगळे पायरीशी चपला काढायचो, त्या पिशवीत भरून डिकीत टाकायचो आणि अनवाणी गाडीत बसायचो. गॅरेजातल्या माणसालासुद्धा तेलकट कपड्यांनी सीटवर बसायची परवानगी नव्हती. त्यानं खाली घुसून काय ते पाहावं. आत बसून किल्ली फिरवायची, पाय दाबायचा, ते बाबाच करणार. आणि पाय तरी कसा दाबायचे, डॉक्टरसाहेबांच्या खोलीचं दार लोटावं तसा, आवाज न करता.

अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला अनवाणी मोटारीत बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिनाची धग पुढून आणि रस्त्याची खालून, पत्रा तव्यासारखा तापायचा. बाबा एकटे कुठं गेले तर सकाळी लवकर जायचे, त्यांचं भागून जायचं. पण आई बसायची ती माहेरी जायला, मूर्तिजापूरच्या पलीकडे, आणि घरातलं सगळं आवरून निघेपर्यंत दहा वाजायचेच. म्हणून आईनं गाडीच्या मापाच्या गोधड्या शिवल्या. पहिल्या वर्षी एक, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी, आणि मी अकरावीची परीक्षा दिली त्या वर्षी तिसरी. निघायच्या दिवशी ती तिन्ही गोधड्या पुढच्या सीटखालून पायांशी अंथरायची, कडा नीट खोचायची, सुरकुती राहू द्यायची नाही. परत आलं की काढून उन्हात टाकायची. आईच्या हाताला टापटीप फार. ती पलंगाच्या चादरीचे कोपरेसुद्धा असे खोचायची की रात्री पाय आत घालायला जागा शोधावी लागे.

त्याच उन्हाळ्यात ढवळी अडायला लागली. गिअर टाकायला गेलं की खालून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज यायचा, करर्र, आणि दांडा हात मागे ढकलायचा. बाबा घामाघूम व्हायचे. गंमत अशी की ते एकटे औषधं आणायला गेले की ढवळी शहाण्या लेकरासारखी चालायची. आई बसली की अडायची. बाबांना हा विषय फार आवडला. ते म्हणायचे, "काहून वं, तुले पाहून रुसते का हे? तू बसली का अडते, उतरली का चालते."

"मी काय केलं बापा तिले? तुमालेच चालवता येत नाई."

"मले येत नाई? काल एकटा बाजारात जाऊन आलो, हूं का चूं नाई केलं तिनं."

"मंग तिलेच घेऊन जात जा माह्या माहेरी. मी येतो पायी."

आई हे बोलताना हसायची, पण एकदा मी तिला गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून काहीतरी पुटपुटताना पाहिलं. आपल्या पायगुणाची शंका तिलाही आली असावी.

मग ते मूर्तिजापूरचं झालं. मामाच्या मुलीचं बारसं होतं. मूर्तिजापूर ओलांडून पुढं गेलं की एका ठिकाणी शकुंतलेचे रूळ रस्ता कापतात. शकुंतला म्हणजे ती छोटी गाडी, अडीच फुटांच्या रुळांवरून रमतगमत जाणारी. तिथं तेव्हा फाटक नव्हतं. समोर बैलगाडी थांबली म्हणून बाबांनी ढवळीचा वेग कमी केला, आणि नेमके रुळांवर असताना पहिला गिअर पडेना. करर्र. पुन्हा करर्र. डावीकडून शिट्टी ऐकू आली. आई म्हणाली, "आवो, उतरा ना खाली, गाडी आली!" बाबा म्हणाले, "गाडीत बसून गाडी आली म्हनते, कोनती ते तं सांग." तोवर आगगाडी दिसायलाच लागली होती, पण तिचा वेग असा की आम्हाला उतरायला, चपला डिकीतून काढायला आणि घालायलाही वेळ मिळाला. ती सावकाश येऊन आमच्यापासून पन्नासेक पावलांवर थांबली. गार्ड खाली उतरला, शर्टाची बटणं लावत आला आणि बाबांना म्हणाला, "काहो भाऊ, आमाले जाऊ देता का?"

"गिअर पडून नाई राह्यला," बाबा म्हणाले.

"पडीन, पडीन. तुमची मोटर आमच्याच गाडीच्या जातीची दिसते. मनात आलं तवा चालते."

डब्यांतून माणसं उतरली. कुणाच्या हातात संत्रं, कुणाच्या कडेवर लेकरू. दहा-बारा जणांनी मिळून ढवळीला रुळांवरून ढकललं आणि टाळ्या वाजवल्या. मला तर फार मजा आली. एका म्हातारीनं आईच्या हातात चार संत्री ठेवली, का ते अजून कळलेलं नाही. मात्र बाबांच्या चेहऱ्यावर मजेचं काही नव्हतं. डॉक्टरसाहेबांच्या गाडीला लोकांनी खांदा दिला असं ते रात्री म्हणाले. मला त्या दिवशीची दुसरीच एक गोष्ट लक्षात राहिली होती. ढकलण्याआधी बाबांनी इंजिन बंद केलं, आणि बंद केल्याबरोबर तोच दांडा हवा तिकडे अलगद फिरला. एवढा आवाज करणारा गिअर इंजिन बंद झाल्याबरोबर इतका सरळ कसा झाला?

आमच्या गल्लीच्या टोकाला लिंबाखाली तायडे मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्रीकाका कानांनी बरेच अधू होते. इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते तळहातानं गाडी तपासायचे. दांड्यावर हात ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, दुसऱ्याचं दातं घासलं, किंवा इंजिनाखालचं रबर बसलं. मी लहानपणापासून तिथं जाऊन बसायचे. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "पोरी, गिअरची बिमारी असली का पह्यले गाडी बंद करून इचार. मंग चालू करून इचार. बंद असताना बी अडला तं सळयात नाई तं डब्ब्यात बिघाड हाय. बंद असताना गेला अन् चालू असताना अडला, तं डब्ब्याले हात लावू नको. क्लच पाह्य." डब्बा म्हणजे गिअरबॉक्स. ही दोन प्रश्नांची रीत मी आजही शिकवते. पण त्या आठवड्यात मिस्त्रीकाका पुतणीच्या लग्नाला भातकुलीला गेले होते. म्हणून बाबांनी मूर्तिजापूरहून आल्याआल्याच ढवळी स्टेशनकडच्या एका मेकॅनिककडे नेली, आईसकट, गोधड्यांसकट. त्यानं बाबांना गिअर टाकायला लावला, उभ्याउभ्या आवाज ऐकला आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. खोला लागते. खोलला तरी गॅरंटी नाई."

बाबांनी घरी येऊन किल्ली औषधाच्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मंडप-डेकोरेशनवाल्या सोनोनेभाऊंना बोलावलं. सोनोनेभाऊ जोरात बोलणारा, खुशीत असलेला माणूस. ते येणार म्हणून आईनं गाडी धुतली, गोधड्या अंथरल्या, कडा खोचल्या. सोनोनेभाऊंनी ढवळीभोवती एक फेरी मारली आणि छतावर थाप मारली. "हे टप कापून टाकतो. मागं राजाची खुर्ची बसवतो, चार बाजूंनी लाइटिंग. नवरदेव कसा शोभला पायजे! गिअरचं काय घेऊन बसले कंपाउंडरसाहेब, वरात काय पळत जाते का? पोरं ढकलतीन." सोमवारी सकाळी येऊन नेतो म्हणाले. आईनं त्या दिवशी झुणका केला होता, बाबांनी पानात चिवडून ठेवला. मी जेवले. मला टप कापलेली ढवळी डोळ्यांपुढं दिसत होती, आणि तिच्यात कुणीतरी फेटेवाला बसलेला, आणि भूक मात्र लागलेलीच होती.

रविवारी दुपारी ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. बाबा आतल्या खोलीत ओल्या पंचानं तोंड झाकून झोपलेले. आईचं कुरडयांचं काम चार दिवस चाललं होतं. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि साच्यातून बाजेवर पांढऱ्या साडीवर पाडायचा. त्या आंबूस वासानं घर भरलेलं असायचं. तीन बाजा भरून कुरडया अंगणात वाळत होत्या, त्यातली एक ढवळीच्या मागे, कारण तिथं सावली शेवटी यायची. आई दारात पाठ टेकून डुलक्या घेत होती. मी औषधाच्या कपाटातून किल्ली काढली. बाबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

चपला काढल्या, बसले. पहिला प्रश्न, गाडी बंद करून. पहिला पडला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स, सगळे लोण्यातून सुरी जावी तसे गेले. दुसरा प्रश्न, चालू करून. किल्ली फिरवली, ढवळी जागी झाली. क्लच दाबला, रिव्हर्स लावायला गेले. करर्र. पहिला, करर्र. मी लगेच बंद केली. आईनं नुसती मान दुसऱ्या बाजूला टाकली. म्हणजे डब्बा ठीक होता. स्टेशनकडच्या मेकॅनिकनं एकच प्रश्न विचारला होता. बिघाड क्लचमध्ये होता. क्लच पूर्ण दाबला तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. अर्धवट दाबला तर इंजिन आतले दाते फिरवत राहतं आणि फिरत्या दात्यांत गिअर कसा बसणार? मी पुन्हा दाबून पाहिला. पेडल खाली जाऊन कशावर तरी थांबत होतं, पण पत्र्यावर नाही. पायाला ते मऊ लागत होतं. मऊ काय आहे तिथं? आणि तेव्हा माझ्या डोक्यात बाबांचं वाक्य आलं, तू बसली का अडते, उतरली का चालते. आई बसली की काय वेगळं असतं गाडीत?

मी दार उघडून खाली गुडघ्यांवर बसले आणि पेडलामागे हात घातला. तिन्ही गोधड्यांच्या कडा आईनं पेडलाच्या पार मागे, घट्ट, उशीसारख्या खोचल्या होत्या. ओढून काढायला मला दोन्ही हात आणि एक पाय लागला. मग हातानंच पेडल दाबलं. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि पत्र्यावर आपटलं. टक्. एवढा लहानसा आवाज.

इथं मी एक चूक केली, ती लपवत नाही. शिकणाऱ्या मुलींना मी ती दर बॅचला सांगते. आनंदाच्या भरात मी बसले, गाडी चालू केली, क्लच पत्र्यापर्यंत दाबला, रिव्हर्स टाकला, आणि तो इतका गुपचूप पडला की मला वाटलं पडलाच नाही. म्हणून मी पाय उचलला. ढवळी एका झटक्यात मागे गेली, बाजेला धडकली आणि बंद पडली. बाज उलटली. कुरडया पत्र्यावर, चाकांवर, अंगणभर.

आई किंचाळत उठली. "माह्या कुरोड्या! पोट्टे, आग लागो तुह्या मोटरीले!" बाबा पंचा गळ्यात घेऊन धावत बाहेर आले, अंगणात मध्यभागी उभे राहिले, आणि गाडी कुठं होती नि कुठं आहे ते पाहत राहिले.

"रिवर्स पडला?" ते म्हणाले.

"आवो, इकडं चार दिवसाची मेहनत मातीत गेली अन् तुमी रिवर्स घेऊन बसले!"

"आवाज आला का?"

"कोनाचा? कुरोड्यायचा?"

"गिअरचा वं! गिअरचा आवाज आला का?"

"नाई आला," मी म्हटलं, आणि तिन्ही गोधड्या उचलून दाखवल्या.

मी सांगितलं ते बाबांनी दोनदा ऐकलं. मग स्वतः बसले, अनवाणी, तापलेल्या पत्र्यावर पाय ठेवून. पेडल दाबलं, टक्. पहिला टाकला. काढला. दुसरा टाकला. पाय भाजत होते तरी उतरेनात. आई आता गोधड्यांकडे पाहत होती आणि तिचा रंग उतरला होता. बाबा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "मंग? तू बसली का अडते म्हनत होतो का नाई मी?"

आईनं कमरेवर हात ठेवले. "मी अडवली? तुमी चपला घालू देल्या असत्या तं मले गोधड्या कायले लागल्या असत्या? गाडीत का देव बसवला हाय? तो मेकॅनिक आत बसला असता तं एका मिनटात सांगतलं असतं त्यानं. पन त्याच्या पँटीचं तेल लागीन तुमच्या सीटले!"

बाबा उतरले, गोधड्या हातात घेतल्या, सगळ्यात वरची उलटीसुलटी केली. "हा माहा दवाखान्यातला कोट हाय."

"फाटला होता."

"खिसा तं तसाच ठेवला तू." त्यांनी त्या शिवून बंद झालेल्या खिशावर अंगठा फिरवला, आणि मग हसायलाच लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. आईनंही थोडा वेळ राग धरून पाहिला, पण चाकावर लटकलेली एक कुरडई पाहिल्यावर तिलाही आवरेना. आम्ही तिघांनी मिळून कुरडया वेचल्या. चांगल्या एका टोपल्यात, तुटक्या दुसऱ्या. तुटक्याच जास्त झाल्या. वेचता वेचता बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या सकाळी तू काढ तिले बाहेर. जिनं बिमारी ओयखली तिनंच चालवावं." कंपाउंडर माणूस. औषध कुणाच्या हातानं द्यायचं याचे त्यांचे स्वतःचे नियम होते.

सोनोनेभाऊंना निरोप पाठवायचा राहूनच गेला. ते सोमवारी ठरल्याप्रमाणे आले, आणि आमची गाडी आता देणे नाही म्हटल्यावर चिडलेसुद्धा नाहीत. आईनं त्यांना तुटक्या कुरडयांचा चुरा तळून दिला, वर चहा. दोन बशा खाऊन ते म्हणाले की अशा कुरोड्या मिळणार असतील तर आणखी एखादी गाडी पाहायला येतो. पण हे मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी घरी नव्हते.

त्या सकाळी मी सहाला उठले. तिन्ही गोधड्या आईनं रात्रीच धुऊन भिंतीवर टाकल्या होत्या, त्यांतून पाणी ठिबकत होतं. मी ढवळीच्या दाराशी गेले, सवयीनं चपला काढल्या, थांबले, आणि पुन्हा घातल्या. तशीच आत बसले. बाबा दाढी करून बाहेर आले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पायरीवरच्या आपल्या चपला पायात सरकवल्या, डावीकडचं दार उघडलं आणि आत येऊन बसले, गुडघे जवळ घेऊन, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे.

"हं," ते म्हणाले.

मी क्लच दाबला. टक् झालं तेव्हा पहिला टाकला.